अद्रकाची बिअर, ओलं फडकं आणि नागपूरचा उन्हाळा

६ एप्रिल

पहिली खेप वाया गेली.

काल संध्याकाळी सातला पंधरा लिटर मिश्रण कॅनमध्ये भरलं, मागच्या खोलीत ठेवलं आणि झोपलो. आज दुपारी बघतो तर एअरलॉकमधून (झाकणावरची, आतला वायू बाहेर सोडणारी नळी) कुकरसारखी फुरफुर चाललेली. आतलं तापमान ३५. भरताना घनता (द्रव पाण्याच्या किती पट जड आहे तो आकडा, साखर खर्च होते तसा उतरतो) १.०२३ होती. आज नमुना आधी फ्रिजमध्ये गार केला (हायड्रोमीटर २० अंशांवर बेतलेला असतो, गरम द्रवात तो कमी आकडा दाखवतो) आणि मग मोजला: १.०११. दोन आकड्यांमधल्या फरकाला १३१.२५ ने गुणलं की अल्कोहोलचा अंदाज मिळतो. दीड टक्क्याच्या वर गेलंय.

आईने विचारलं, "म्हणजे ही दारूच झाली ना रे?"

झालीच की. नाव बिअर असलं तरी मला करायचं आहे ते मुलांना आणि आईला देता येईल असं सरबताच्या जवळचं पेय. अर्धा किलो अद्रक, ९०० ग्रॅम साखर, बारा लिंबं आणि अद्रक-साखरेवर आठवडाभर पोसलेलं विरजण (यातलं यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू करतं). घनता १.०२० वर आली की बाटल्या भरायच्या, त्यात थोडा फेस धरू द्यायचा आणि फ्रिजमध्ये टाकायच्या. अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आसपास अडकतं. ब्रिस्बेनला दोन वर्षं होतो तेव्हा खरी बिअर करायचो, तिथे घरी करायला मुभा आहे. इथे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे आणि परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे. शेजारचा वर्धा जिल्हा तर सगळाच कोरडा. तेव्हा तो नाद सोडला, पण हात शिवशिवतात म्हणून अद्रक.

अडचण अशी की १.०२३ ते १.०२० हा प्रवास ३५ अंशांवर चार-पाच तासांत होतो, आणि तोही मी झोपेत असताना. गार ठेवलं तरच तो क्षण पकडता येईल.

७ एप्रिल

कालचं सगळं मोरीत ओतलं. एक बाटली नमुन्यासाठी भरून ओट्यावर विसरलो होतो. सकाळी तिचा बूड फुगून गोल झाला होता, उभी राहीना. बरं झालं प्लास्टिकची होती. काचेची असती तर आज ही नोंद स्वयंपाकघरातल्या तुकड्यांबद्दल असती. काचेची बाटली वापरायचीच नाही, हे इथेच लिहून ठेवतो.

९ एप्रिल

जुना फ्रिज घेऊन त्याला तापमानाचा कंट्रोलर लावला की प्रश्न मिटतो, हे मला ठाऊक आहे. ब्रिस्बेनला शेवटी तेच केलं होतं. त्याआधी तिथे टबात कॅन, कॅनवर ओला टी-शर्ट, समोर पंखा असा प्रकारही करून पाहिला होता. दोन-तीन अंशांपलीकडे फरक पडला नाही, आणि ही युक्ती फुसकी आहे असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

आज आईने तेच सुचवलं. लहानपणी आमच्याकडे फ्रिज नव्हता. तेव्हा ती दुधाचं पातेलं पाण्याच्या परातीत ठेवायची, वरून ओलं फडकं टाकायची, फडक्याची टोकं पाण्यात बुडालेली. "दूध रात्रीपर्यंत टिकायचं, तुझं अद्रकाचं पाणी काहून नाही टिकणार?"

मी ब्रिस्बेनचा अनुभव सांगितला. ती म्हणाली, "ते समुद्राकाठचं गाव. तिथे कपडे तरी वाळतात का?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

११ एप्रिल

कपडे वाळतात का हा प्रश्न मोजता येतो. दोन साधे काचेचे थर्मामीटर घेतले. एकाच्या फुग्यावर आईच्या देवघरातली फुलवात गुंडाळली, तिचं टोक पाण्याच्या वाटीत सोडलं आणि समोर पंखा लावला. दुपारी तीनला मागच्या गॅलरीत सावलीत: कोरडा ४०, ओला २२.

अठरा अंशांचा फरक! ओल्या फडक्याने वस्तू जास्तीत जास्त किती गार होईल याची खालची हद्द म्हणजे ओल्या थर्मामीटरचा आकडा. ब्रिस्बेनच्या उन्हाळ्यात हे दोन आकडे एकमेकांना चिकटून असतात. इथे त्यांच्यामध्ये अख्खा हिवाळा बसतो. नागपूरच्या प्रत्येक खिडकीत कूलर का असतो याचं उत्तर या वाटीत आहे, आणि मी एवढी वर्षं कूलरसमोर झोपूनही ते ताडून पाहिलं नव्हतं.

आणखी एक हिशेब केला आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत बसलो. एक लिटर पाणी उडताना साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातं. एक किलो बर्फ वितळताना ३३४. म्हणजे फडक्यावरून एक लिटर पाणी उडालं की सात किलो बर्फ लावल्यासारखं.

१४ एप्रिल

मांडणी झाली. जागा मागची गॅलरी, उत्तरेकडची, ऊन येत नाही. कपडे धुवायचा मोठा टब, त्यात बारा लिटर पाणी. मध्ये दोन विटा, विटांवर कॅन. कॅनला आधी बारदाना गुंडाळला, पण बारदान्याचा वास झाकणातून आत जाईल अशी धास्ती वाटली, म्हणून काढून जुनं सुती धोतर गुंडाळलं. आजोबांचं होतं. आईने क्षणभर पाहिलं आणि काही बोलली नाही. समोर टेबलफॅन.

धोतराची टोकं पाण्यात बुडवली तरी पाणी वर अर्ध्यापर्यंतच चढतं, वरचा भाग कोरडा राहतो. त्यासाठी झाकणाजवळ एक लिटरची बाटली उलटी बांधली. तिच्या बुचाला सुईने भोक पाडलंय, थेंब थेंब पाणी वरून उतरतं.

नुसतं पाणी भरून चाचणी केली. सकाळी कॅनमध्ये ३३, रात्री दहाला २४.५. बाहेर अजून ३४ होते.

१८ एप्रिल

दुसरी खेप. काल सकाळी आठला भरली. विरजण घालण्याआधी मिश्रण रात्रभर त्याच टबात गार करून घेतलं, कारण यीस्ट एकदा गरम द्रवात चेकाळलं की मागाहून गार करून फारसा उपयोग नसतो. खऱ्या बिअरमध्येही पहिले दोन-तीन दिवसच सगळं ठरवतात. ते दिवस १८ ते २० मध्ये काढले तर नंतर थोडं वर गेलं तरी चालतं. सुरुवातच ३० वर झाली तर आधी पिकल्या केळ्याचा आणि मग थिनरसारखा वास येतो, आणि तो नंतर निघत नाही.

आज सकाळी १.०२२. तापमान २४.

१९ एप्रिल

सकाळी नऊला १.०२०. एकोणपन्नास तास लागले. बाटल्या भरल्या. मुद्दाम एक बाटली घरात ठेवली आणि दर तासाला दाबून पाहिली. सहा तासांत टणक झाली, म्हणून सगळ्या फ्रिजमध्ये टाकल्या.

रात्री पहिला घोट. अद्रकाचा ठसका आहे, गोडी जरा जास्त. पुढच्या वेळी लिंबं चौदा.

२३ एप्रिल

आजची तारीख मजेशीर आहे. जर्मनीतल्या बव्हेरियात १५५३ साली तिथल्या ड्यूकने फर्मान काढलं होतं की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायचीच नाही. उन्हाळ्यात केलेली बिअर बिघडायची. सूक्ष्मजीव कुणी पाहिले नव्हते, पण परिणाम सगळ्यांनी प्याला होता. मग थंडीत केलेली बिअर तळघरात, तळ्यातून कापून आणलेल्या बर्फाशेजारी उन्हाळाभर जपायची. १८७० च्या दशकात लिंडे या जर्मन अभियंत्याने गारव्याचं यंत्र बसवलं ते म्युनिकच्या एका ब्रुअरीसाठीच. आपल्या स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या खानदानात बिअर आहे, हे आईला सांगितलं. तिला ते फारसं आवडलं नाही.

बव्हेरियात बंदीचा पहिला दिवस, आणि मी तिसरी खेप भरली. बाहेर ४२.

२४ एप्रिल

घोळ. सकाळी डिजिटल थर्मामीटरवर २९. धावपळ केली, बर्फ टाकला, पंखा जवळ ओढला. तासाने २९.५! मग काचेचा थर्मामीटर आत घातला, तर २२.

डिजिटलची तपासणी केली. बर्फाच्या काल्यात तो ० दाखवायला हवा होता, दाखवले ६. उकळत्या पाण्यात ९९ हवेत (नागपूर समुद्रसपाटीपासून तीनशेवर मीटर उंच आहे, म्हणून पुरते शंभर नाहीत), दाखवले १०६. म्हणजे सगळीकडे सहा-सात अंश जास्त. प्रोबच्या वायरीत पाणी शिरलं होतं.

२०२४ च्या मे महिन्याच्या शेवटी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले होते आणि दिवसभर सगळ्यांच्या फोनवर तोच आकडा फिरत होता. पुढे हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. खरा विक्रम २३ मे २०१३ चा, ४७.९. तेव्हा मी त्या ५६ वर पोट धरून हसलो होतो.

२७ एप्रिल

बर्फामुळे खेप १९ पर्यंत उतरली आणि यीस्ट सुस्तावलं. चार दिवस लागले. चव मात्र आतापर्यंतची सर्वांत स्वच्छ.

३ मे

धोतर काम करेनासं झालंय. तापमान २७ वर अडकलं. हात लावला तर कापड पापडासारखं कडक. आमच्याकडे गॅलरीच्या नळाला बोअरचं पाणी येतं, ते जड. पाणी उडतं, क्षार मागे राहतात, कापडाचे धागे बुजतात आणि पाणी वर चढत नाही. कूलरच्या ताट्या दर साल पांढऱ्या पडतात ते यामुळेच. लिंबाच्या सालींच्या पाण्यात रात्रभर भिजवून धुतलं, पुन्हा मऊ झालं. आता टबात महापालिकेचं नळाचं पाणी, आणि दर रविवारी कापड बदलायचं.

शेजारच्या काकांनी वाळा लावायला सांगितलं होतं. इतवारी बाजारातून आणून एक दिवस कॅनभोवती बांधला. गॅलरीला देवळासारखा वास, गारवा तेवढाच. वाळा आता खोलीच्या कूलरमध्ये आहे, तिथे त्याचं सोनं होतंय.

१२ मे

रात्री अकराला लाईन गेली, ती तीनला आली. पंखा बंद, मी घामाघूम, कॅनची काळजी. मोबाईलच्या उजेडात दर तासाला थर्मामीटर पाहिला: २३, २३, २३.५, २४, २४.५. चार तासांत दीड अंश. कॅनमधले पंधरा आणि टबातले बारा, असं सत्तावीस लिटर पाणी सहजासहजी तापत नाही. पंख्याशिवायही रात्रीच्या वाऱ्यावर कापड थोडंफार वाळत होतं.

पाण्याचा हिशेब: दिवसाला सहा लिटर. घरचा कूलर जेवढं पितो त्यापुढे हे काहीच नाही.

आंबवताना यीस्ट स्वतःही उष्णता सोडतं. पुऱ्या ताकदीच्या बिअरमध्ये ती इतकी असते की कॅनच्या आत बाहेरच्यापेक्षा तीन-चार अंश जास्त भरतात, आणि भिंतीवरच्या थर्मामीटरवर विसंबणारा तिथेच फसतो. माझ्या पेयात साखर चिमूटभरच खर्च होते, म्हणून फरक एखाद्या अंशाचा. तरी प्रोब द्रवातच बुडवलेला बरा.

१९ मे

टबात आता माझं एकट्याचं राज्य राहिलं नाही. कॅनच्या बाजूला आईची दुधाची पिशवी, सांबाराची (कोथिंबिरीची) जुडी आणि काकडी. सांबार चार दिवस हिरवागार राहिला. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत विटांच्या दोन भिंतींमध्ये ओली वाळू भरून शून्य ऊर्जेचा शीतकक्ष तयार केलेला आहे, भाजी-फळांसाठी. तत्त्व हेच. गच्चीवर विटा पडल्यात, पण नागपूरच्या मे महिन्यात गच्चीवर बांधकाम करायला मी तयार नाही.

२७ मे

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, लागून तीन दिवस झाले. दुपारी गॅलरीत सावलीतही ४५. रस्त्यावर माणूस नाही, कुत्री नाल्यात बसलेली. ओली वात २३.५, कॅन २५. टबात दिवसातून दोनदा एक-एक लिटरच्या गोठवलेल्या बाटल्या सोडल्या, तर २१.

बाहेर ४५ आणि आत २१. पाचवी खेप तीन दिवसांत व्यवस्थित १.०२० वर आली. काकांना ग्लास दिला. ते दोन घोट घेऊन म्हणाले, "चांगली आहे जी, पण चढत काहून नाही?" समजावून सांगितलं. "मग एवढा खटाटोप कशापायी?" त्यांनी दुसरा ग्लास मात्र मागितला.

फ्रीझरवरून कुरबूर सुरू झाली आहे. आईने वर्षभराचा आमरस पिशव्यांत भरून गोठवलाय आणि माझ्या बाटल्यांना एकच कोपरा मिळालाय.

१० जून

दुपारी आभाळ आलं, वळवाच्या चार सरी पडल्या. शहर सुखावलं. हवा ३४ वर आली. मीही खूश: ४५ मध्ये जमलं तर ३४ म्हणजे पोरखेळ. बर्फाच्या बाटल्या न टाकताच सहावी खेप भरली आणि लग्नाला कामठीला गेलो.

११ जून

दुपारी परतलो. कॅनमध्ये २९. घनता १.०१५. एक टक्क्याच्या वर. मुलांसाठी बाद.

वातीचा थर्मामीटर महिनाभर मी नुसता सवयीने पाहत होतो. आज नीट पाहिला: कोरडा ३४, ओला २७. नवतप्यात ४५ असताना ओला २३.५ होता. म्हणजे शहर अकरा अंशांनी गार झालं आणि माझं यंत्र साडेतीन अंशांनी गरम झालं. मी ज्या आकड्यावर खूश झालो तो माझ्या कामाचाच नव्हता. कालपासून गॅलरीतली चादरही वाळलेली नाही, ती तरी बघायची.

आई "ब्रिस्बेन" एवढंच म्हणाली.

१७ जून

पाऊस लागला. हवा ३०, वात २६.५. पंखा पूर्ण वेगात चालवून पाहिला, कॅन २८ च्या खाली येईना. धोतराला कुबट वास यायला लागला, कडेला काळे ठिपके. बुरशी एअरलॉकच्या इतक्या जवळ नको. धोतर सोडवलं, सोड्यात उकळलं, पंख्याखाली दोरीवर वाळत घातलं. वाळायला दोन दिवस लागतील असं दिसतं.

मित्राने फोनवर क्वाइक यीस्ट सुचवलं. नॉर्वेच्या खेड्यांतलं, ३५ च्या पुढेही चवीत बिघाड न करणारं. पण माझा प्रश्न चवीपेक्षा वेगाचा आहे आणि क्वाइक तर गरमीत सुसाट सुटतं. नको.

१९ जून

आता उलटा विचार. उन्हाळ्यात कॅन हवेला उघडा हवा होता, आता हवेपासून तोडायला हवा. औषधांच्या दुकानातून लसींचा मोठा थर्माकोलचा खोका आणला, भिंती चार सेंटिमीटरच्या. (मासळीवाल्याकडचा फुकट मिळत होता. वास घेऊन परत ठेवला.) कॅन आत उभा मावत नाही, म्हणून दोन खोके तोंडाला तोंड लावून चिकटपट्टीने जोडले. टब नाही, फडकं नाही, पंखा नाही. आत फक्त गोठवलेल्या बाटल्या.

कागदावरचा हिशेब: बाहेर २९, आत २१ ठेवायचं तर दिवसाला अडीच-तीन किलो बर्फ.

२२ जून

सातवी खेप. पहिल्या दिवशी बाटल्या तळाशी ठेवल्या, तर कॅनचं बूड १९ आणि वरचा भाग २४. गार हवा खालीच बसून राहते. बाटल्या वर, झाकणाच्या दोन्ही बाजूंना टांगल्या, तेव्हा दोन्हीकडे २१. बाटल्यांवरचं दव ठिबकून झाकणावर साचतं, म्हणून एक जुना नॅपकिन.

सकाळी दोन, रात्री एक. तीन बाटल्या आत, तीन फ्रीझरमध्ये गोठत. म्हणजे सहा बाटल्यांची फिरती, आणि फ्रीझरमध्ये एका वेळी तीन मावायला हव्यात. मावतात दोन.

२४ जून

१.०२०, साठ तास. बाटल्या भरल्या. आजपर्यंतची सर्वांत चांगली, तिसऱ्या खेपेपेक्षाही. चौदा लिंबं बरोबर आहेत.

तिसऱ्या बाटलीच्या जागेवर आईशी तह झाला: आमरसाची एक पिशवी निघाली की एक बाटली आत. आठवी खेप परवा भरायची आहे, आणि खालच्या कप्प्यात पिशव्या अकरा. आज रात्री पुऱ्या.